सरकत्या कोॲक्स नळीत रिफ्लेक्टेड पॉवर पुन्हा पुन्हा का चढते

सकाळी सगळं ठीक असतं. रिफ्लेक्टेड पॉवरचा, म्हणजे अँटेनाकडे न जाता लाइनमधून ट्रान्समीटरकडे परत येणाऱ्या पॉवरचा, काटा तळाशी झोपलेला. बारा-साडेबाराला तो कुरकुरायला लागतो, दोनच्या सुमारास ट्रान्समीटर ट्रिप होतो आणि संध्याकाळी कुणी हात न लावता पुन्हा सुरळीत. माणूस येतो, सगळे नट आवळून जातो. चार महिन्यांनी पुन्हा तेच.

हा बिघाड मी इतक्या वेळा काढला आहे की आता फोनवर वर्णन ऐकतानाच नजर एका जागेकडे जाते. ती जागा म्हणजे नळी जिथे नळीत सरकते तो जोड. तांब्याच्या कडक नळ्यांची कोॲक्स लाइन, म्हणजे एका नळीच्या आत दुसरी नळी, असली की असा जोड कुठेतरी असतोच. एक प्रकार ट्रॉम्बोनचा. यू आकाराचा तुकडा मागेपुढे सरकवून लाइनची लांबी, म्हणजेच फेज, जुळवतात. दुसरा प्रकार उष्णतेने होणारं आकुंचन-प्रसरण गिळण्यासाठी लांब लाइनमध्ये घातलेला सरकता तुकडा. दोन्हींचं दुखणं एकच: एकमेकींवर घासत सरकणाऱ्या दोन पृष्ठभागांमधून सगळा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) करंट जायचा असतो.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढे वाचा.

- रिफ्लेक्टेड पॉवर दिवसाच्या ठरावीक वेळी चढते, किंवा ट्रान्समीटर चालू केल्यावर वीस-तीस मिनिटांनी.
- काटा हळूहळू न चढता उडी मारतो आणि तसाच उडी मारून खाली येतो.
- ट्रॉम्बोन सरकवताना एखाद्या जागी एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो; १ म्हणजे काहीच परत येत नाही, आकडा वाढला की परतणारी पॉवर वाढते) अचानक बिघडतो, दोन मिलिमीटर पुढे नेला की सुधारतो.
- एखादा जोड शेजारच्या तशाच जोडापेक्षा गरम लागतो.
- लाइनमध्ये भरलेल्या कोरड्या हवेचा दाब टिकत नाही, कॉम्प्रेसर सारखा चालू होतो.
- लाइन उघडल्यावर जळकट, तिखट वास येतो.

आकडा किती वाईट आहे याचा अंदाज हवा. १० किलोवॅट पाठवताना एसडब्ल्यूआर १.१ असेल तर साधारण २३ वॅट परत येतात. १.५ झाला तर ४०० वॅट, म्हणजे ४ टक्के. २ ला ११ टक्के. म्हणून १.१ वरून १.२ झालं तर कुणी झोप उडवून घेत नाही. पण नेहमी १.०८ वर असणारी लाइन रोज दुपारी १.२ ला जात असेल तर ती काहीतरी सांगते आहे, आणि ट्रिप होईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

पहिली तपासणी: वही आणि घड्याळ

हिला काहीच खर्च नाही, म्हणूनच कुणी करत नाही. दोन-तीन दिवस दर तासाला फॉरवर्ड (पुढे जाणारी पॉवर), रिफ्लेक्टेड, बाहेरचं तापमान, वारा आणि पाऊस एवढं लिहून ठेवा.

उन्हाबरोबर चढ-उतार होत असेल तर संपूर्ण लाइन लांब-आखूड होते आहे आणि कुठेतरी अडते आहे. रात्रीसुद्धा पॉवर दिल्यावर अर्ध्या तासाने चढत असेल तर आतली नळी तापते आहे. वाऱ्याबरोबर थरथरत असेल तर आधी अँटेनाकडे आणि वरच्या जोडांकडे बघा. पावसानंतर एक-दोन दिवस राहत असेल तर पाणी शिरलं आहे. चारही गोष्टींचा इलाज वेगळा, आणि वही नसेल तर चारही एकसारख्याच दिसतात.

आतली नळी बाहेरचीपेक्षा जास्त का तापते, हे इथेच सांगतो, पुढे लागणार आहे. दोन्ही नळ्यांतून करंट सारखाच जातो, पण ५० ओहमच्या हवेच्या लाइनमध्ये बाहेरच्या नळीचा आतला व्यास हा आतल्या नळीच्या बाहेरच्या व्यासाच्या २.३ पट असतो. आतल्या नळीचा परीघ तितकाच लहान, म्हणून तांब्यात होणाऱ्या एकूण उष्णतेचा जवळपास ७० टक्के वाटा एकट्या आतल्या नळीच्या माथी. त्यात तिला थंड व्हायला नीट वाटही नाही. भोवती कोंडलेली हवा आणि मधूनमधून टेफ्लॉनचे आधार, एवढंच. आतली नळी बाहेरचीपेक्षा ४० अंशांनी गरम झाली तर ६ मीटरच्या एका तुकड्यात ती सुमारे ४ मिलिमीटर जास्त लांबते. हे ४ मिलिमीटर टोकाच्या जोडावर घासतात. ट्रान्समीटर रोज रात्री बंद आणि पहाटे चालू होत असेल तर रोज एकदा जाऊन येऊन.

दुसरी: मीटर खोटं तर बोलत नाही ना

लाइन उघडण्याआधी डायरेक्शनल कपलरची (पुढे जाणारी आणि परतणारी पॉवर वेगवेगळी मोजायला लाइनमध्ये बसवलेला तुकडा) पातळ केबल, तिची दोन्ही कनेक्टर, कपलरचा स्लग, म्हणजे त्यात बसणारा मोजणीचा तुकडा, जागेवर घट्ट आहे का, एवढं बघा. मी एकदा उन्हात पाच फ्लँज (नळ्यांची टोकं बोल्टने जोडणारे कडे) उघडले आणि दोष निघाला मीटरच्या केबलमधल्या सैल पिनेत. खोली तापली की पिन सरकायची. लक्षणं हुबेहूब तीच.

मग ट्रान्समीटर बंद करून कपलरच्या लगेच पुढे डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर पिऊन टाकणारा लोड, लावा आणि पूर्ण पॉवरवर तासभर चालवा. तरीही काटा उडत असेल तर लाइन निर्दोष आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. उडत नसेल तर डमी लोड सरकत्या जोडाच्या पुढे न्या आणि पुन्हा तासभर. इथे घाई नडते. पाच मिनिटं कमी पॉवरवर चालवून ‘ठीक आहे’ म्हणणारे खूप भेटले. हा दोष तापल्यावरच तोंड उघडतो.

तिसरी: गरम जोड शोधणं

इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असेलच. पण चकचकीत तांबं या यंत्राला फसवतं. ते स्वतःची उष्णता फार कमी फेकतं आणि समोरच्या भिंतीची किंवा तुमच्याच अंगाची परावर्तित करतं. ७० अंशांचा जोड ३५ दाखवू शकतो. प्रत्येक जोडावर काळ्या चिकटपट्टीचा सारखाच तुकडा लावा, थोडा वेळ जाऊ द्या आणि त्या पट्टीचं तापमान घ्या. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: सारख्या जोडांपैकी एक वेगळा दिसतो का? उन्हातला जोड सावलीतल्याशी ताडू नका. रात्री मोजलंत तर उत्तम.

एक सूचना. पॉवर चालू असताना संशयित जोडाला हात लावून ‘गरम आहे का’ बघायचं नाही. बाहेरची नळी जमिनीला जोडलेली (अर्थ केलेली) असते हे खरं, पण तिचाच जोड सुटला असेल तर तिथून आरएफ बाहेर सांडतं, आणि आरएफचा चटका वरून दिसतो त्यापेक्षा खोल जातो.

चौथी: पेन्सिलची खूण

माझ्या मते सगळ्यांत मोलाची तपासणी हीच. सरकत्या जोडाच्या तोंडाशी, बाहेर दिसणाऱ्या नळीवर पेन्सिलने एक बारीक रेघ मारा. पहाटे अंतर मोजा, दुपारी मोजा. खूण किती सरकली पाहिजे हे आधीच काढता येतं. तांबं दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढतं. ३० मीटरची लाइन २५ अंशांनी तापली की जवळपास १३ मिलिमीटर. मनोरा पोलादाचा असेल तर तोही वाढतो, पण कमी, सुमारे ९ मिलिमीटर. म्हणजे दोघांमधला ३ ते ४ मिलिमीटरचा फरक जोडाने गिळायला हवा. लाइनला मनोऱ्यापेक्षा जास्त ऊन लागत असेल किंवा पॉवरने ती आणखी तापत असेल तर अधिक.

खूण हललीच नाही तर जोड अडकला आहे. अडकला म्हणून प्रसरण थांबत नाही. तो जोर शेजारच्या एल्बोवर (लाइनच्या कोपऱ्यावर), फ्लँजवर आणि आतल्या जोडण्यांवर जातो. खूण हिशेबापेक्षा खूप जास्त हलली तर वरचा आधार सुटलेला असू शकतो.

एका ठिकाणी मी दोन वर्षांत तीनदा तोच जोड बदलला. प्रत्येक वेळी आतली बुलेट, म्हणजे दोन आतल्या नळ्या जोडणारा स्प्रिंगचा तुकडा, जळालेली. प्रत्येक वेळी नवी बसवली, स्वीप (फ्रिक्वेन्सी बदलत घेतलेली परावर्तनाची मोजणी) सुंदर आला, सगळे खूश. चौथ्यांदा बोलावल्यावर मला माझीच लाज वाटली आणि मी आधी पेन्सिल काढली. दोन दिवसांत खूण केसभरही हलली नाही. वर शोधत गेलो तर लाइनला फक्त बाजूने धरून खालीवर सरकू देणारा एक आधार कुणीतरी ‘सैल आहे’ समजून कचकचून आवळला होता. लाइन तिथे खिळलेली. थंडीत तांबं पोलादापेक्षा जास्त आखडायचं, त्या आधाराच्या वरचा तुकडा ओढला जायचा, बुलेट अर्धी बाहेर यायची आणि तिच्या टोकाशी ठिणगी पडायची. इलाज होता दोन नट अर्धा फेरा सैल करण्याचा. तोवर मी तीन चांगल्या बुलेटींचा बळी दिला होता.

ट्रॉम्बोनमध्ये खुणेचं काम पट्टीवरचा काटा करतो. तिथे दोन गोष्टी बघा. यू तुकडा १ सेंटीमीटर सरकला की लाइन २ सेंटीमीटर वाढते, कारण दोन्ही पाय लांबतात. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर, म्हणजे हा बदल २.४ अंश फेजचा. जुळवणीचा क्लॅम्प सैल होऊन यू तुकडा आपोआप सरकला असेल तर रिफ्लेक्टेड कदाचित हलणारही नाही, पण फेज बिघडेल. दुसरं, दोन्ही पाय समांतर आहेत का. एक पाय जरी तिरका असेल तर आतले स्पर्श एका बाजूला दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूला सुटतात.

पाचवी: हवेचा दाब

सरकत्या जोडाची ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) घासते, म्हणून गळती आधी तिथेच होते. पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करा, गेज वाचा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आणि साधारण त्याच तापमानाला पुन्हा वाचा. तापमानाची अट उगाच घातलेली नाही. गेजवर ०.३ बार असलेली बंद लाइन २० अंशांवरून ४० वर गेली की गेज जवळपास ०.३९ दाखवतं. दुपारी दाब ‘वाढला’ आणि पहाटे ‘गळला’ असं वाटून लोक नसलेली गळती शोधत बसतात. खरी गळती साबणाच्या फेसाने सापडते.

गळती महत्त्वाची का? ओलावा शिरला की टेफ्लॉनच्या आधारावर पातळ थर बसतो, तिथून सरपटत ठिणगी जाते आणि स्पर्शांचे पृष्ठभागही खराब होतात. दाब वाढवून गळती झाकायचा मोह आवरा; उत्पादकाने दिलेली मर्यादा ओलांडू नका.

सहावी: ॲनालायझर लावून जोड हलवणं

इथून पुढे ट्रान्समीटर बंद, मेन स्विच लॉक आणि चावी तुमच्या खिशात. अँटेनाकडचं टोक सोडल्यावर आधी अर्थिंगच्या काठीने जमिनीला लावा. शेजारच्या ट्रान्समीटरचं आरएफ तुमच्या बंद अँटेनावर येऊन बसलेलं असतं, आणि ॲनालायझरचं (लाइन किती परावर्तन करते ते फ्रिक्वेन्सीनुसार दाखवणारं यंत्र) तोंडही तेच जाळतं.

लाइनच्या दुसऱ्या टोकाला चांगला लोड लावा, ॲनालायझरवर रिटर्न लॉस (परतणारी लहर किती कमी आहे ते; आकडा मोठा तितकं चांगलं) बघत रबरी हातोडीने एकेक जोड हलके ठोका. ट्रॉम्बोन असेल तर पूर्ण पल्ला सावकाश सरकवा. आलेख उडी मारत असेल तर स्पर्श वाईट आहे. सरकण्याबरोबर गुळगुळीत, सावकाश बदलत असेल तर तो नळ्यांच्या मापांचा दोष आहे, स्पर्शाचा नाही.

दुसरं कसं होतं? समजा बाहेरची नळी आतून ४६ मिलिमीटर आणि आतली २० मिलिमीटर: ५० ओहम. लांबवताना आतल्या नळीतून १८ मिलिमीटरची बारीक नळी उघडी पडली आणि बाहेरची ४६ च राहिली, तर तेवढ्या भागात ५६ ओहम होतात. जितकं लांबवाल तितका हा तुकडा मोठा. चांगल्या बनावटीत बाहेरच्या नळीचा व्यासही त्याच प्रमाणात बदलून हा फरक खाऊन टाकतात. कुणी दुरुस्तीत ‘बसते आहे’ म्हणून वेगळ्या मापाची नळी घातली असेल तर स्वच्छ करून काही होणार नाही.

दोष कुठे आहे हे अंतराने दाखवणारी सोय ॲनालायझरमध्ये असेल तर वेगाचा गुणांक, म्हणजे लाइनमध्ये लहर प्रकाशाच्या वेगाच्या किती पट धावते तो आकडा, नीट भरा. हवेच्या लाइनसाठी तो जवळपास १. मागच्या कामातला पॉलिथिलीन केबलचा ०.६६ तसाच राहिला तर ३० मीटरवरचा दोष २० मीटरवर दिसेल आणि तुम्ही निरोगी फ्लँज उघडाल. शिवाय १०० मेगाहर्ट्झ रुंदीचा स्वीप दीड मीटरपेक्षा जवळचे दोन दोष वेगळे करू शकत नाही. जवळजवळचे जोड असतील तर रुंदी वाढवा.

जाता जाता एक. ६.१ मीटरचे सारखे तुकडे जोडलेल्या लाइनमध्ये प्रत्येक फ्लँजचं बारीकसं परावर्तन ९८.३ मेगाहर्ट्झच्या आसपास एकमेकांत मिसळून मोठं होतं, कारण तिथे तुकड्याची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या बरोबर चौपट येते. नवी लाइन त्या फ्रिक्वेन्सीवर पहिल्या दिवसापासून वाईट असेल तर सरकत्या जोडाला दोष देऊ नका. तुकड्यांची लांबीच चुकली आहे.

सातवी: उघडणं

आधी दाब सोडा. गेज शून्यावर आलं याची खात्री करूनच पहिला नट. दाबाखालचा फ्लँज अंगावर येतो. उघडण्याआधी फ्लँजवर दोन्हीकडे खूण करा, म्हणजे परत त्याच कोनात बसेल.

आतल्या नळीच्या किंवा बुलेटच्या टोकाला उभ्या चिरा असतात, आणि त्या चिरांमुळे झालेल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्यांना आम्ही फिंगर म्हणतो. बघायचं ते असं: काजळी, निळा-जांभळा झालेला रंग, उडालेली चांदी, आत दबलेली फिंगर. आणि घासल्याच्या खुणांची लांबी. ती ४ मिलिमीटर असायला हवी तिथे १५ दिसली तर जोड हिशेबाबाहेर हलतो आहे. अर्धा मिलिमीटर दिसली तर अडकला आहे.

सगळ्या फिंगर टेकतात का हे डोळ्यांना कळत नाही. नळीवर मार्करची शाई पातळ फासा, वाळू द्या, जोड सरळ आत ढकला, बाहेर काढा. जितक्या फिंगर टेकल्या तितके ओरखडे. आठपैकी पाच दिसले तर पाचच आठांचं काम करत होत्या. मल्टिमीटर मात्र सगळं ठीक म्हणेल. डीसीला एक फिंगर पुरते. शाई नंतर पूर्ण पुसायला विसरू नका.

साफसफाई आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने. सँडपेपर नको, तारेचा घासा तर नकोच. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात करंट मुख्यतः वरच्या ६.६ मायक्रॉनच्या थरातून वाहतो. चांदीचा मुलामा असतो तो याच थरासाठी. घासून तुम्ही नेमका तोच काढून टाकता, आणि तारेचे सुटलेले केस पुढच्या ठिणगीची सोय करून ठेवतात. शिवाय फिंगर बऱ्याचदा बेरिलियम कॉपरच्या असतात. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक आहे, म्हणून कानस लावायचीच नाही. जळालेल्या टेफ्लॉनजवळची काजळी उघड्या हाताने पुसू नका, हुंगू नका. त्यात फ्लोरिनची तीव्र संयुगं असू शकतात. हातमोजे घाला, दार उघडं ठेवा.

फिंगर बदलताना समोरची नळीही बघा. खड्डे पडलेल्या नळीवर नवी बुलेट काही आठवड्यांत जाते. काळी रेघ उमटलेला टेफ्लॉनचा आधार खरवडून परत बसवू नका, नवा घाला. त्या कार्बनच्या वाटेनेच पुढची ठिणगी जाते. ओ-रिंग दरवेळी नवी. तिला उत्पादकाने सांगितलेलं वंगण अगदी पातळ लावा, ते स्पर्शाच्या जागी जाऊ देऊ नका. आणि चौथी तपासणी केली नसेल तर जोड बंद करण्याआधी ती करा.

कुठे थांबायचं

मनोऱ्यावर चढावं लागणार असेल आणि तुमच्याकडे त्याचं प्रशिक्षण व साज नसेल तर जमिनीवरूनच थांबा. शेजारचा ट्रान्समीटर बंद करता येत नसेल आणि तुमच्या लाइनवर त्याचं आरएफ येत असेल तरही. एकाच लाइनवर अनेक स्टेशनं एकत्र जात असतील तर एकट्याने उघडू नका. बंद करण्याची परवानगी, क्रम आणि कुलपं सगळ्यांची मिळून ठरायला हवीत.

बाहेरची नळी चेपलेली, वाकलेली किंवा फ्लँजची झाळ तडकलेली दिसली तर तो तुकडा बदलण्याचं काम आहे, हातोडीने सरळ करण्याचं नाही. लाइन दिशादर्शक अँटेना समूहाला जात असेल आणि ट्रॉम्बोनची जागा बदलली असेल तर फक्त रिफ्लेक्टेड कमी झाली म्हणून चालू करू नका. फेज बदलली की प्रसारणाची दिशा बदलते. ती मोजून जुळवणारा माणूस बोलवा.

नवी बुलेट, नवा आधार, खूण बरोबर हलते आहे, दाब टिकतो आहे, आणि तरीही त्याच जागी दुसऱ्यांदा जळालं, तर तिसरी बुलेट बसवू नका. पॉवर कमी करून चालवा आणि पूर्ण लाइनचा स्वीप घेणाऱ्या तज्ज्ञाला बोलवा. त्याला देण्यासाठी जळालेले दोन्ही तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत तारीख लिहून ठेवा, आणि सोबत ती वही.